जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात उतरताना : झळाळीपेक्षा अस्सलपणा मोलाचा

हिवाळा सुरू झाला की देशातील अनेक शहरांत जुन्या मोटारींच्या फेऱ्यांचा आणि प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये सुरू केलेली व्हिंटेज व क्लासिक मोटारींची फेरी ही या परंपरेतील सर्वांत जुन्या उपक्रमांपैकी एक होय. कोलकात्यात हा उपक्रम १९६८ पासून सुरू झाला. मुंबई, बंगळूरु, चेन्नई यांसारख्या शहरांत स्थानिक संघटना असे मेळावे भरवतात. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्यातील गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या परिसरात ‘२१ गन सॅल्यूट’ ही मोटारींची सौंदर्यस्पर्धा झाली.

या सोहळ्यांचे नाव निघताच संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि डेमलर डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात मात्र आज स्थानिक प्रदर्शनांत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, उत्तरपाड्याची अँबेसेडर, चेन्नईची स्टँडर्ड हेरल्ड किंवा महिंद्राची जुनी जीपही मानाने उभी असते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली आणि आता वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली उभी असलेली गाडीही प्रदर्शनात उतरू शकते.

अशा गाडीचा मालक प्रदर्शनाचे मनावर घेतो, तेव्हा बहुधा सर्वांत आधी रंगाऱ्याकडे जातो. जुना रंग खरवडला जातो, आसनांवर नवे रेक्झिन चढते, जुने दिवे काढून झगमगीत दिवे बसवले जातात. गाडी नवी दिसू लागते, पण परीक्षकांच्या लेखी तिचे मोल घटलेले असते. पुन्हा रंग देता येतो, आसने पुन्हा शिवता येतात, मात्र कारखान्यातून निघताना गाडीवर जे होते ते एकदा भंगारात गेले की परत आणता येत नाही. त्यामुळे प्रदर्शनाची तयारी म्हणजे गाडीत काय बदलायचे याची यादी नव्हे. काय बदलायचे नाही, हे आधी ठरवणे हीच तयारीची पहिली पायरी आहे.

प्रदर्शनाचे स्वरूप आधी समजून घ्यावे

‘कार शो’ या एका नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार येतात. पहिला प्रकार साध्या मांडणीचा. त्यात गाड्या मैदानात उभ्या असतात, लोक येऊन पाहतात आणि परीक्षण असलेच तर मोजके असते. दुसरा प्रकार फेरीचा. त्यात गाडीला ठरलेल्या मार्गावर स्वतःच्या बळावर धावावे लागते, काही ठिकाणी विशिष्ट वेळेत विशिष्ट टप्पा गाठण्याची अटही असते. तिसरा प्रकार ‘कॉन्कोर्स द एलेगन्स’ या फ्रेंच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौंदर्यस्पर्धेचा. तेथे प्रत्येक गाडीची बारकाईने तपासणी होते आणि बहुधा निमंत्रणावरूनच प्रवेश मिळतो.

पहिल्यांदा भाग घेणाऱ्याने साध्या मांडणीपासून सुरुवात करणे श्रेयस्कर. तेथे अनुभवी मालक भेटतात, आपल्याच प्रकारच्या इतर गाड्या पाहायला मिळतात आणि आपल्या गाडीत काय मूळचे व काय नंतरचे, याचा अंदाज येतो. शक्य असल्यास एक वर्ष केवळ प्रेक्षक म्हणून जावे आणि परीक्षक कोणत्या गाडीपाशी किती वेळ थांबतात, कोणते प्रश्न विचारतात, हे पाहावे. एका दुपारच्या अशा निरीक्षणाने पुढचा मोठा अनाठायी खर्च टळू शकतो.

गट आणि वय

बोलताना कोणत्याही जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हटले जाते, पण परीक्षणात या शब्दाला नेमका अर्थ आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणानुसार १९०४ अखेरपर्यंतची वाहने ‘अँसेस्टर’, १९०५ ते १९१८ ची ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० ची ‘व्हिंटेज’, १९३१ ते १९४५ ची ‘पोस्ट-व्हिंटेज’ आणि १९४६ ते १९६० ची ‘पोस्ट-वॉर’ या वर्गांत मोडतात. त्यापुढील वाहनांसाठी १९६१ ते १९७० आणि १९७१ नंतर असे स्वतंत्र वर्ग आहेत. किमान ३० वर्षांचे, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी वापरात नसलेले वाहन या महासंघाच्या व्याख्येत ‘ऐतिहासिक’ ठरते.

भारतीय आयोजकांचे गट मात्र एकसारखे नसतात. कोणी ‘व्हिंटेज’ची मर्यादा दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत नेतो, तर कोणी भारतीय बनावटीच्या गाड्यांसाठी वेगळा गट ठेवतो. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या प्रदर्शनाची नियमावली वाचणे आवश्यक आहे. गाडीचे उत्पादनवर्ष आणि नोंदणीवर्ष यांत अंतर असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. वर्षअखेरीस तयार झालेली किंवा परदेशातून आलेली गाडी पुढील वर्षी नोंदवलेली असू शकते. गट उत्पादनवर्षावरून ठरत असेल तर सांगाड्याचा क्रमांक, म्हणजेच चॅसिस क्रमांक, हाच खरा पुरावा असतो.

कायद्याची चौकट

जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्वतंत्र तरतुदी समाविष्ट केल्या. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचा सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

या वर्गातील नोंदणीसाठी विम्याची कागदपत्रे, शुल्क, आधीचे नोंदणीपत्र आणि आयात वाहनाच्या बाबतीत सीमाशुल्काची कागदपत्रे यांसह ‘नमुना २०’ मध्ये अर्ज करावा लागतो. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले आहे. नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. पूर्वी नोंदवलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो, तर नव्याने नोंद होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. जुना क्रमांक राखता येणे ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे, कारण १९८९ पूर्वीचा क्रमांक हा गाडी मूळची कोणत्या प्रांतातील हे सांगणारा दस्तऐवजच असतो.

या नोंदणीबरोबर वापरावर बंधनेही येतात. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल आणि अशा ठिकाणी जाणे-येणे एवढ्यासाठीच हे वाहन रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही. रविवारी बाजारात किंवा देवदर्शनाला गाडी नेण्याची सवय असलेल्या मालकाने अर्ज करण्यापूर्वी याचा विचार करावा. दिल्ली व परिसरात जुन्या वाहनांवर वयानुसार निर्बंध लागू झाले असून ते वेळोवेळी बदलले आहेत. त्यामुळे बाहेरगावच्या प्रदर्शनाला जाण्यापूर्वी तेथील परिवहन कार्यालयाकडून आणि आयोजकांकडून सद्यस्थिती जाणून घेणे हिताचे.

प्रदर्शनाच्या अर्जासोबत सामान्यतः नोंदणीपत्र, चालू विमा, चालकाचा परवाना आणि गाडीची छायाचित्रे मागितली जातात. नोंदणीपत्र दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करून घेण्याचे काम आधी हाती घ्यावे. यात वेळ जातो आणि ऐनवेळी प्रवेश अडतो तो बहुधा याच कारणाने.

गाडीचा इतिहास कागदावर

चांगल्या प्रदर्शनात गाडीशेजारी एक छोटा माहितीफलक असतो आणि मालकाच्या हाती एक धारिका असते. मूळ पावती, जुने आरसी बुक, कराच्या पावत्या, कंपनीची माहितीपुस्तिका, सुट्या भागांची यादी, लग्नात किंवा सहलीत गाडीसोबत काढलेले कृष्णधवल छायाचित्र, जुन्या गॅरेजची बिले यांपैकी जे हाती लागेल ते या धारिकेत ठेवावे. घरातील ज्येष्ठांकडून गाडी कधी घेतली, कितीला घेतली, कोणत्या रंगाची होती, कोठवर गेली, हे आजच लिहून घ्यावे, कारण ही माहिती परिवहन कार्यालयाच्या दप्तरात सापडणार नाही.

चॅसिस आणि इंजिन यांचे क्रमांक स्वच्छ करून त्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती नोंदणीपत्राशी ताडून पाहावीत. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या काढू नयेत, घासू नयेत, त्यांवर रंगही देऊ नये. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना सुरू केला होता. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्यात मोटारी तयार करण्यास सुरुवात केली. एखादी परदेशी नावाची गाडी मुंबईतच जुळवली गेली असेल, तर ते सांगणारी छोटी पट्टी हा भारतीय उद्योगाच्या इतिहासाचा पुरावा ठरतो. रंगाऱ्याच्या पॉलिश कागदाखाली तो काही मिनिटांत पुसला जातो.

जपणूक की नवी उभारणी

गाडीचे काम काढण्यापूर्वी तिच्या प्रत्येक भागाची तीन प्रकारांत विभागणी करावी. पहिल्या प्रकारात मूळचा आणि चांगल्या स्थितीतील भाग. त्याला केवळ स्वच्छता पुरेशी असते. दुसऱ्या प्रकारात मूळचा, पण खराब झालेला भाग. तो शक्यतो दुरुस्त करावा आणि बदलावाच लागला तर जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. तिसऱ्या प्रकारात नंतर बसवलेला भाग. त्याच्या जागी मूळ प्रकारचा भाग शोधता येतो का, हे पाहावे.

कुर्ल्याच्या फियाटचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९६४ पासून तयार होऊ लागलेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली ही १,०८९ सीसी क्षमतेची गाडी ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. तिचा गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता आणि पुढचे आसन सलग बाकासारखे होते. पुढील काळात अनेकांनी सोयीसाठी दांडा खाली घेतला, सलग आसनाऐवजी दोन सुटी आसने बसवली. वापराच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. मात्र प्रदर्शनात हीच दोन वैशिष्ट्ये त्या गाडीची ओळख असतात आणि ती हरवल्यास गुण कमी होतात. इंधनाच्या खर्चापायी अनेक अँबेसेडर आणि जुन्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. अशा गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळण्यातही अडचण येऊ शकते.

रंगाबाबत विशेष सावधगिरी हवी. १९३० च्या दशकातील गाडीवर आजचा चमचमणारा धातुई रंग पारखी नजरेला लगेच खटकतो. त्या काळी क्रोमऐवजी निकेलचा मुलामा असलेल्या भागांवर क्रोम चढवणे, सपाट खाचेच्या स्क्रूंच्या जागी अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू बसवणे, आडव्या-तिरप्या धाग्यांच्या जुन्या टायरांऐवजी आधुनिक रेडियल टायर लावणे, या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी परीक्षक त्यांची नोंद घेतात. मूळ रंग कोणता होता हे शोधण्यासाठी डॅशबोर्डच्या मागची, डिकीच्या आतली किंवा दाराच्या अस्तराखालची जागा पाहावी. तेथे पहिला थर बहुधा शाबूत असतो.

जपणुकीकडे पाहण्याची जगाची दृष्टीही बदलली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५० पासून भरणाऱ्या ‘पेबल बीच’ स्पर्धेत दीर्घकाळ आरशासारख्या लखलखीत, नव्याने उभारलेल्या गाड्यांचेच वर्चस्व होते. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. मूळ स्थितीत जपलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तिच्या जुन्या रंगावरील डाग आणि ओरखडे कोणी लपवले नव्हते.

याचा अर्थ गंजलेली गाडी तशीच न्यावी असा नव्हे. गंज हा इतिहास नसून नाश आहे. पत्रा कुजला असेल, लाकडी सांगाडा वाळवीने पोखरला असेल किंवा विजेच्या तारांचे वेष्टन गळून पडले असेल, तर काम करावेच लागते. मात्र प्रत्येक टप्प्यावर आधीची, कामादरम्यानची आणि नंतरची छायाचित्रे काढावीत. परीक्षकांपुढे ती ठेवल्यास केलेले काम प्रामाणिक असल्याची खात्री पटते. सुट्या भागांसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे कश्मीरी गेट, चेन्नईचे पुदुपेट आणि मुंबईचा चोर बाजार ही जुनी ठिकाणे आहेत. तेथे जाताना मूळ भाग किंवा त्याचे मोजमाप सोबत ठेवावे.

रस्त्यावर उतरण्यापूर्वी

प्रदर्शनातील गाडी स्वतःच्या बळावर सुरू झाली पाहिजे, अशी बहुतेक आयोजकांची अपेक्षा असते. फेरीत तर गाडी गर्दीतून अत्यंत संथ गतीने चालवावी लागते आणि जुन्या इंजिनासाठी ही खरी कसोटी असते. वेग कमी, म्हणून वाऱ्याचा झोत कमी आणि त्यामुळे पाणी उकळू लागते. रेडिएटर आतून स्वच्छ करणे, रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा तपासणे, ब्रेकचे तेल बदलणे, ही कामे महिनाभर आधी उरकावीत. शेवटच्या आठवड्यात नवे काम काढू नये.

इंधनाचा मुद्दा अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीचे रबर व बुचाचे भाग खराब करते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या, पंपातील पडदा आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर इथेनॉलला टिकतील अशा प्रकारचे आहेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. दिसण्यात फरक पडत नसेल, तर सुरक्षिततेसाठी केलेला असा बदल समंजस परीक्षक दोष मानत नाहीत. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

किमान चार वेळा गाडी घराबाहेर काढून तासभर चालवून पाहावी. दिवे, हॉर्न, वायपर आणि दिशादर्शक चालू असावेत. जुन्या गाड्यांत बाजूच्या खांबातून हातासारखा बाहेर येणारा दिशादर्शक असतो. तो चालताना पाहणे लहान मुलांइतकेच परीक्षकांनाही आवडते. अंतर मोठे असेल, तर गाडी सपाट ट्रकवर न्यावी आणि बांधताना दोर बंपरला न लावता सांगाड्याला किंवा चाकांना लावावेत.

प्रदर्शनाच्या दिवशी

दिलेल्या वेळेच्या किमान तासभर आधी पोहोचावे. सोबत मऊ सुती कापडे, पिण्याचे आणि रेडिएटरसाठीचे पाणी, फ्यूज, स्पार्क प्लग, पंख्याचा पट्टा, मूलभूत हत्यारे आणि अग्निशामक असावा. अग्निशामक केवळ नियमासाठी नव्हे. जुन्या तारा आणि गळणारे पेट्रोल एकत्र आल्यास काही मिनिटांत सर्व संपते.

परीक्षक आले की बॉनेट, दारे आणि डिकी उघडून दाखवावी, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नेमकी द्यावीत. बदललेल्या भागाची माहिती स्वतःहून सांगावी. पारखी माणसाच्या नजरेतून ती सुटत नाही आणि लपवाछपवी लक्षात आल्यास उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते. काही स्पर्धांत गाडीच्या काळाला साजेशा पोशाखाला वेगळे गुण असतात. कुर्ल्याच्या फियाटसोबत नऊवारी किंवा धोतर-कोट शोभेल, पण घरातील जुन्या छायाचित्रात जो पोशाख दिसतो तोच घातल्यास अधिक चांगले.

प्रेक्षकांशी वागण्यातही तारतम्य हवे. लहान मुलांना स्टिअरिंगवर हात ठेवून छायाचित्र काढू द्यायचे की नाही, हे मालकाने आधीच ठरवावे आणि नकार द्यायचा तर तो नम्रपणे द्यावा. गर्दीत एखादे ज्येष्ठ गृहस्थ गाडीपाशी रेंगाळताना दिसतात. ते निवृत्त मेकॅनिक किंवा कारखान्यातील कामगार असू शकतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी अवश्य वेळ काढावा. कोणता भाग मूळचा, कोणता पर्यायी, तो कोठे मिळेल, याची माहिती पुस्तकांपेक्षा अशा माणसांकडेच अधिक असते.

बक्षिसानंतर

पहिल्या वर्षी पारितोषिक क्वचितच मिळते. परीक्षणाचा तपशील मिळत असेल, तर तो मागून घ्यावा आणि धारिकेत ठेवावा, कारण पुढील वर्षाच्या कामाची ती यादीच असते. दरवर्षी एक-दोन बाबी सुधारत जाणारा मालक काही वर्षांत चांगल्या स्थानावर पोहोचतो आणि खर्चही आवाक्यात राहतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील १९१४ चा ‘जॉन मॉरिस’ अग्निबंब स्टेट्समनच्या फेरीत अनेक वर्षे धावला. हैदराबादच्या निजामाच्या रेल्वेसाठी आलेले हे वाहन शतकानंतरही चालू स्थितीत राहिले. त्यामागे नियमित देखभाल आणि मूळ भाग टिकवण्याची शिस्त आहे. घरातील फियाट किंवा अँबेसेडरला हीच शिस्त लागू पडते. प्रदर्शनाहून परतल्यावर गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून ठेवावी, बॅटरीची तार काढावी आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन सुरू करावे. काढून ठेवलेल्या जुन्या भागांचा डबा मात्र भंगारवाल्याच्या हाती जाणार नाही, याची घरातील सर्वांना कल्पना द्यावी.